तक्क्या

रात्री दोनच्या सुमाराला माजघरातून आवाज आला, "पाचशे मेले. बाकीचे दारातच अडकलेत. आणखी हजार सोडू?"

आमची ही ताडकन उठून बसली. "अहो, ऐकलंत का? पाचशे मेले म्हणतोय."

"झोप तू. आपल्यातलं कुणी नाही."

"पण सुतक नाही ना?"

सुतक नव्हतं. मेलेल्या पाचशेंना नावं होती, पासवर्ड होते, पण आईबाप नव्हते. आमच्या पुतण्याने संध्याकाळी चहा पिता पिता त्यांना जन्माला घातलं होतं आणि रात्री कुठल्याशा बँकेच्या दारात नेऊन सोडलं होतं. सकाळी विचारलं तर म्हणाला, "काका, मेले ते बरंच झालं. हे आज मेले म्हणून उद्या खरी माणसं वाचतील." असं बोलणारा माणूस केळशीत यापूर्वी झालेला नाही.

हा माझ्या धाकट्या भावाचा मुलगा. पुण्याला कंपनीत होता. 2020 च्या मार्चमध्ये दोन जोड कपडे आणि एक लॅपटॉप घेऊन 'पंधरा दिवसांसाठी' म्हणून आला, तो आलाच. आळीतल्या तात्यांनी विचारलं, "काम काय करतोस रे?" त्याने खरं ते सांगितलं, "लोड टेस्टिंग." तात्यांच्या घरी चार पिढ्यांचे लोड-तक्के. दुसऱ्या दिवशी त्यातला एक उसवलेला त्यांनी आमच्या ओटीवर आणून टाकला. "बघ जरा. कापूस बदलायचा की नुसतं शिवून चालेल?" तेव्हापासून गावात याचं नाव तक्क्या. आता कुरिअरवालासुद्धा 'तक्क्यांचं घर कुठलं' असंच विचारत येतो.

तक्क्याचं काम थोडक्यात सांगायचं तर नसलेली माणसं तयार करायची आणि ती दुसऱ्याच्या दारात एकदम लोटायची. दार टिकतं का बघायचं. कधी मोडलं, किती माणसांना मोडलं, मोडण्याआधी कुरकुरलं का, याचा अहवाल द्यायचा आणि पैसे घ्यायचे. पूर्वी कुणाच्या दारात पाच हजार माणसं नेली तर त्याला मोर्चा म्हणत. आता सेवा म्हणतात. 28 एप्रिल 2021 ला अठरा वर्षांवरच्या लोकांसाठी कोविनची नोंदणी दुपारी चारला उघडली. गावातली पोरं लसीसाठी मोबाइल घेऊन बसली होती, आणि हा नुसता गर्दी बघायला बसला होता. पहिल्याच दिवशी कोटीच्या वर माणसं आत गेली. आमच्या पिढीने बोर्डे यांची फलंदाजी ज्या चेहऱ्याने रेडिओवर ऐकली, तोच चेहरा. चैत्रात महालक्ष्मीच्या उत्सवालाही हेच. सगळे देवीकडे बघतात, हा रांगेकडे.

त्याचं काम मला कळायला दोन वर्षं गेली आणि कळलं ते माझ्या नोकरीमुळे. मी एसटीत वाहक होतो, दापोली आगाराला. दापोली–केळशी मुक्कामाची गाडी माझ्याकडे कित्येक वर्षं. एकदा संध्याकाळी ओटीवर हा डोकं धरून बसला होता.

"काय झालं रे?"

"लॉगिन, काका. गर्दी करणं सोपं असतं हो. पण गर्दीतल्या प्रत्येकाला आत घेऊन जायचं आणि तो तोच आहे हे शेवटपर्यंत टिकवायचं, तिथे जीव जातो. सर्व्हरला काही आठवतच नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे समजा, तुमच्या गाडीत कंडक्टर आहे, पण त्याला विसरायचा रोग आहे. तुम्ही त्याच्याशी बोललात, तो पुढच्या सीटपर्यंत गेला, परत वळला की पुन्हा विचारणार, कोण तुम्ही? कुठून बसलात?"

"विचारू दे. माझ्या हातात तिकीट असेल की."

तक्क्या उठून उभाच राहिला. "तेच! तेच तिकीट म्हणजे कुकी!"

मग त्याने सांगितलं ते असं. वेब बनवणाऱ्यांनी ते मुळातच विसरभोळं बनवलं. पान मागितलं, दिलं, संबंध संपला. पुढे दुकानं आली. टोपलीत साबण टाकून तेल बघायला दुसऱ्या पानावर गेलं की साबण कुणाचा हेच दुकानाला कळेना. तेव्हा 1994 साली नेटस्केप कंपनीतल्या लू माँटुली नावाच्या तरुणाने तोड काढली. दुकानाने गिऱ्हाइकाच्या हातात एक चिठ्ठी द्यायची आणि गिऱ्हाइकाने दर खेपेला ती दाखवायची. आठवण ठेवायचं काम गिऱ्हाइकाच्या गळ्यात. मला ते ऐकून बरं वाटलं. सबंध जगाचा कारभार जर तिकिटावर चालला असेल तर आमची नोकरी अगदीच फुकट गेली नाही.

या चिठ्ठ्यांना पुढे वाईट सवयी लागल्या हेही खरं. हिने एकदा गुडघ्याच्या तेलाची किंमत पाहिली, तर महिनाभर पंचांग उघडलं तरी तिथीच्या शेजारी तेलच. शेवटी तक्क्याने घरच्या कॉम्प्युटरवर कुठल्याशा चौकोनात खूण केली आणि म्हणाला, "आता एकही कुकी उंबरठा ओलांडणार नाही." आम्हाला पंचांग आणि हवामान एवढंच लागतं. आमचं काही अडलं नाही. ही गोष्ट लक्षात ठेवा.

केळशीत वाढलेल्या मुलाला विसरभोळ्या यंत्राशी संसार करावा लागतो, यातली गंमत त्याला कळते की नाही, देव जाणे. आमच्या गावात कुणाला कधी लॉगिन करावं लागलेलं नाही. पाखाडीने चालत गेलं की दोन्ही बाजूंच्या ओट्यांवरून नाव, आडनाव, आजोळ आणि पोटाची तक्रार यांची पडताळणी होते. शाळेत असताना मी एका वाडीतल्या कैऱ्या पाडल्या होत्या. त्या मालकाचा नातू आता पन्नाशीचा आहे. अजून मी त्याच्या गडग्याजवळून गेलो की हसून वर बघतो. "तुमच्याकडे सेशन एक्स्पायरच होत नाही," तक्क्या म्हणतो. "वीस मिनिटांची मर्यादा हवी होती." भारजा नदीच्या मुखाशी वाळूची मोठी टेकडी आहे, डेक्कन कॉलेजची मंडळी येऊन तिचे थर वाचून गेली, त्यात जुन्या त्सुनामीची खूण आहे असं त्यांचं म्हणणं. त्या टेकडीलाही हा 'लॉग फाइल' म्हणतो. समुद्रसुद्धा इथे काही विसरत नाही.

तर तक्क्याची पंचाईत अशी. तो एकदा स्वतः लॉगिन करून सगळा रस्ता चालतो, आणि त्याचं यंत्र, जेमीटर म्हणतात त्याला, ते पाठोपाठ टिपून घेतं. मग तोच रस्ता हजार जणांना चालायला लावायचा. पण टिपलेलं असतं कालचं. लॉगिनच्या पानावर आपल्याला न दिसणारा एक लांबलचक आकडा दडवलेला असतो, तो प्रत्येकाला आणि प्रत्येक वेळी नवा. कालचा आकडा आज दाखवला की सर्व्हर बाहेर काढतो. मला हे समजावून सांगायची गरज नव्हती. कालचं तिकीट आज दाखवणारे मी जन्मभर पाहिले. चुरगळून, घामाने भिजवून, तारखेवर अंगठा ठेवून दाखवत. तक्क्याला अंगठा ठेवायची सोय नाही. म्हणून त्याला आधी पान मागवायचं, त्या पानाच्या चिकातून तो ताजा आकडा शोधायचा आणि पुढच्या मागणीत बसवायचा. याला ते कोरिलेशन म्हणतात. आम्ही फणस फोडणं म्हणतो. डावीकडे चारखंड, उजवीकडे चारखंड, मधला गरा तेवढा अलगद उचलायचा. चुकून आठळी आली तर स्क्रिप्ट फुटते. हाताला तेल लावल्याशिवाय बसू नये हे त्याला माहीत नसावं, कारण रात्री तो त्या पानाला जे बोलतो ते लिहिण्यासारखं नाही.

आणि ज्याची त्याची चिठ्ठी ज्याच्या त्याच्याच खिशात राहिली पाहिजे. सुरुवातीला एका शिकाऊ पोराने याच्याच देखरेखीखाली पाचशे जणांना एकच कुकी दिली. धडं पाचशे, डोकं एक. सर्व्हरला वाटलं, एकच गृहस्थ आहे, जरा अधीर स्वभावाचा आहे. त्याने त्याची सगळी पानं एकदाच काढून ठेवली आणि तीच भराभर वाटली. अहवालात सगळं झकास. "एका पासावर सगळं वऱ्हाड!" तक्क्या मला सांगताना थरथरत होता. त्यानंतर त्याने यादीच केली. केळशी0001 ते केळशी5000, प्रत्येकाचा वेगळा पासवर्ड, वेगळं खातं. तात्यांना हे कळलं तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, "ह्यांची नावं मतदार यादीत घालता येतील का रे?"

एवढं करूनही ही माणसं माणसांसारखी वागत नाहीत हे त्याचं दुःख. पान आलं रे आलं की पुढचं बटण दाबतात. वाचत नाहीत, खोकत नाहीत, गॅसवर दूध ठेवलंय म्हणून उठत नाहीत. खरा माणूस मध्ये थांबतो, त्या थांबण्याला याच्या शास्त्रात 'थिंक टाइम' म्हणतात. तो किती धरायचा? तक्क्याने एक दिवस हिला एक फॉर्म भरायला बसवलं आणि स्वतः मागे घड्याळ घेऊन उभा राहिला. नोंदी मी पाहिल्यात. चष्मा शोधणे, 40 सेकंद. चष्मा डोक्यावर सापडणे, 2 सेकंद. पहिला प्रश्न मोठ्याने वाचणे, 15 सेकंद. "अहो" अशी हाक, उत्तराची वाट, पुन्हा हाक, सव्वा मिनिट. दारावर मासळीवाली, अकरा मिनिटं. फॉर्म परत उघडला तेव्हा तो म्हणाला, 'आपले सत्र संपले आहे.' हिला सत्र म्हणजे शाळेचं ठाऊक. "दिवाळीला अजून अवकाश आहे," ती म्हणाली.

तक्क्या हरखला. इतकी खरी माणूस त्याला कुठल्याच पुस्तकात मिळाली नव्हती. आता त्याच्या हजारांतले दोनशे जण 'काकू' म्हणून असतात. ते हळू चालतात, मध्येच नाहीसे होतात, अकरा मिनिटांनी परत येऊन रागावतात. पुण्याच्या साहेबांनी विचारलं म्हणे, की हे 'काकू प्रोफाइल' कुठल्या आंतरराष्ट्रीय मानकात येतं.

पण त्याचं खरं रूप पाहायचं तर पंगतीत. गेल्या वैशाखात आमच्याकडे मुंज होती. दोनशे पान. तक्क्या वाढप्यांत नव्हता, यजमानांतही नव्हता, खांबाला टेकून बघत होता. त्याची सूचना होती की माणसं मिनिटाला पाच अशी बसवावीत, म्हणजे लोड हळूहळू चढेल. आचाऱ्याने त्याच्याकडे पाहिलं आणि पळी दुसऱ्या हातात घेतली. सूचना तिथेच संपली. पंगत बसली, दोनशे एकदम. आणि व्हायचं तेच झालं. कुणी ज्याला मठ्ठा सांगितला, तो तिसऱ्याच पानाकडे गेला. मठ्ठ्याचं भांडं घेऊन आला तो दुसराच, त्याला काही ठाऊक नाही. "मी सांगितलं होतं." "कुणाला?" "त्या जानव्याला चाव्या बांधलेल्याला." तो जानव्याला चाव्या बांधलेला गृहस्थ तोपर्यंत परसदारी तंबाखू मळत होता, आणि बारा पानांचा मठ्ठा, चार पानांचं मीठ आणि एका व्याह्यांची पुरणपोळी एवढं सगळं त्याच्या एकट्याच्या डोक्यात.

तक्क्या माझ्या कानाशी आला. आवाज दाटलेला. "काका, बघताय? सेशन एकाच सर्व्हरच्या मेमरीत ठेवलंय. तो सर्व्हर गेला, बारा युजर गेले."

"मग काय करायचं?"

"एकतर बारा जणांना त्याच वाढप्याला बांधून ठेवा. नाहीतर कुणी काय मागितलं ते मध्ये फळ्यावर लिहा. कुठलाही वाढपी वाचून आणील."

"किंवा तू मठ्ठा वाढ," ही मागून म्हणाली आणि त्याच्या हातात भांडं दिलं. बारा पानांचं सेशन त्या दिवशी त्याने हाताने सावरलं. व्याह्यांची पुरणपोळी मात्र राहिली. ते सेशन अजून उघडं आहे.

एका गोष्टीवर तो विनोद करत नाही. 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ आलं तेव्हा तो इथेच होता. नवा होता, गावाला अजून 'पंधरा दिवस' समजत होता. दुपारभर खिडकीच्या फटीतून तो पोफळी वाकताना बघत होता. कितीपर्यंत वाकते, कुठे मोडते, हे बघणं हाच ज्याचा धंदा, त्याला त्या दिवशी आकडे लिहिता आले नाहीत. संध्याकाळी वाडीत आभाळच आभाळ दिसत होतं. पुढे कित्येक दिवस वीज नव्हती. पुण्याचे फोन घ्यायला तो मोटारसायकलने चढावर जाऊन उभा राहायचा आणि तिकडून कुणी 'सर्व्हर पडला' म्हणालं की विचारायचा, "मुळासकट?"

तक्क्याचा स्वभाव मात्र संशयी. होकारावर त्याचा विश्वास नाही. याला कारण एक जुनी चाचणी. दोन हजार माणसं सोडली होती. निकाल हिरवागार. एकही मेला नाही, प्रत्येकाला उत्तर, तेही डोळ्याचं पातं लवायच्या आत. सगळी उत्तरं '200', म्हणजे त्यांच्या भाषेत 'ठीक आहे'. साहेबांनी पेढ्यांचं आश्वासन दिलं. याला झोप लागेना. इतकं चटकन कुणी कुणाचं काम करतं का? पहाटे उठून त्याने सर्व्हरने पाठवलेलं एक पान उघडून नुसतं वाचलं. त्यावर लिहिलं होतं, 'आपले सत्र संपले आहे. कृपया पुन्हा लॉगिन करा.' दोन हजारच्या दोन हजार जणांना तेच पान. कुणीच आत गेलं नव्हतं. सगळ्यांना दारातूनच अतिशय तत्परतेने, हसतमुखाने परत पाठवलं होतं. मला यात नवल वाटलं नाही. स्टँडच्या चौकशीच्या खिडकीत 'गाडी रद्द' एवढंच सांगायचं असलं की रांग फार भराभर सरकते.

तेव्हापासून तो दर पानावर एक ठरावीक शब्द आहे का ते यंत्राला तपासायला लावतो. माणसांनाही. दुकानदार "पाठवतो" म्हणाला की हा विचारणार, "काय पाठवता?" मी "हो" म्हटलं की विचारणार, "कशाला हो म्हणालात ते सांगा." लग्नाला मुली सांगून येतात त्यांच्याशीही असंच बोलतो, असं ऐकतो. लग्न अजून झालेलं नाही.

आता गेल्या नोव्हेंबरातली गोष्ट. पेन्शनवाल्यांना वर्षातून एकदा आपण जिवंत असल्याचं कळवावं लागतं. ज्या संकेतस्थळावर मी ते करायला गेलो त्याचं नाव घेत नाही. तक्क्या म्हणाला, "काका, माझ्यासमोर करा. दोन मिनिटांचं काम." मी घरच्या कॉम्प्युटरवर बसलो, तो शेजारी, ही मागे शेंगा सोलत.

नंबर घातला. ओटीपी मोबाइलवर येणार. आमच्या घरात मोबाइलला रेंज नाही, ती वाडीच्या टोकाला विहिरीपाशी असते. तक्क्या मोबाइल घेऊन विहिरीकडे धावला आणि सहा आकडे ओरडत परत आला. आकडे घातले. चाक फिरलं. पुन्हा लॉगिनचं पान.

पुन्हा विहीर. पुन्हा आकडे. पुन्हा लॉगिन.

चौथ्या खेपेला तक्क्याने कॉम्प्युटर स्वतःकडे ओढला. पानाच्या पोटातली कसली तरी काळी खिडकी उघडली. "बघा, 302, मग 200. सगळं हिरवं आहे. त्यांच्याकडे गडबड आहे. लॉगिन एका सर्व्हरवर होतंय आणि पुढचं पान दुसऱ्याकडे जातंय. चाव्यावाला वाढपी! नोव्हेंबरचा लोड. मी सांगत होतो ना..." आणि तो बोलत राहिला. सात-आठ मिनिटं. रोज रात्री पाच हजार न जन्मलेले लोक आत घालणाऱ्या माणसाला एक जिवंत काका आत घालता येत नव्हता.

ही शेंगांचं सूप घेऊन उठली, चष्मा कपाळावरून नाकावर घेतला आणि पडद्यावर वाकली. चाळीस सेकंद गेली असतील.

"वर बारीक अक्षरात लिहिलंय रे काहीतरी."

"काय?"

"ब्राउझरमध्ये कुकी सुरू करा." तिने त्याच्याकडे पाहिलं. "तू ते बंद केलं होतंस ना? माझ्या तेलाच्या वेळी?"

तक्क्या काही बोलला नाही. त्याने जाऊन तो चौकोन शोधला आणि खूण काढली. कान लाल झाले होते. मी मुद्दाम खिडकीबाहेर बघत राहिलो.

मग तो पाचव्यांदा विहिरीवर गेला. आकडे घातले, चाक फिरलं आणि पान उघडलं. वर हिरवी बरोबरची खूण. मी खुर्ची मागे सरकवली.

"थांबा," तक्क्या म्हणाला. "काकू, खूण बघू नकोस. काय लिहिलंय ते वाच. सगळं."

हिने वाचलं. माझं नाव, वडिलांचं नाव, आडनाव, जन्मतारीख. मग एक ओळ सोडून, जरा थांबून, "हयात." चष्म्यावरून तिने माझ्याकडे एकदा नीट पाहिलं.

"बरोबर आहे," ती म्हणाली, आणि शेंगा घेऊन आत गेली.